कापसाच्या गांवाहून बर्फाच्या उतरणीकडे

प्रवासाची तयारी म्हणजे आपल्या घरांतून एक लहानसें घर काढून तें पेटींत भरणें, अशी आपल्याकडील कुटुंबांची जुनी समजूत आहे. काशीस जावयाचें असो कीं माथेरानास, तांब्या-भांडें, गोधडी, लोणच्याची बरणी आणि चार धुतलेले कपडे यांवांचून बिऱ्हाड हालत नाहीं. ही समजूत वाईट नव्हे. परंतु ती ज्या हवेंत जन्मली त्या हवेपुरतीच खरी आहे. जेथें महिनेच्या महिने जमीनच दिसत नाहीं, अशा हिममय मुलखांत जावयाचें झाल्यास घरची कोणती वस्तु बरोबर न्यावी यापेक्षां कोणती घरीं ठेवावी, हाच प्रश्न मोठा होऊन बसतो.

आमचें अनसिंग वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. काळी जमीन, सोयाबीन, तूर आणि कापूस हीं पिकें. मे महिन्यांत पारा चाळिसाच्या वर चढतो, आणि हिंवाळ्यांत पहाटे शेकोटी पेटली कीं थंडीचा बंदोबस्त पुरा झाला असें आम्ही मानतों. आमच्या मुलांनीं बर्फ पाहिलें तें रसवंतीच्या गाड्यावरचें! अशा घरांतील माझी पुतणी व तिचा धाकटा भाऊ, दोघेंही महाविद्यालयांत शिकणारीं, गेल्या फेब्रुवारींत काश्मीरांत गुलमर्ग येथें स्की शिकावयास निघालीं, आणि सोबतीच्या निमित्तानें पन्नाशी उलटलेला मीही त्यांच्या बरोबरीनें विद्यार्थी झालों. त्या तयारीचे दोन महिने घरांत जी चर्चा झाली, ती इतर कुटुंबांसही उपयोगी पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

स्की म्हणजे पायाला बांधावयाची लांब, अरुंद, पुढें किंचित् वळलेली पट्टी. उत्तर युरोपांतील लोकांना हा खेळ नव्हता; हिंवाळ्यांत शेजारच्या गांवीं जाण्याचें तें साधन होतें. नॉर्वेच्या नान्सेननें १८८८ सालीं ग्रीनलंडचें हिमपठार याच पट्ट्यांवरून ओलांडलें, आणि तेव्हांपासून जगाचें लक्ष तिकडे विशेष गेलें. आपल्या देशांत गुलमर्ग येथें १९२७ सालीं इंग्रजांनीं स्कीचें मंडळ स्थापिलें. तेथील झुलत्या डब्यांच्या रज्जुमार्गाचा पहिला टप्पा १९९८ सालीं व दुसरा २००५ सालीं सुरू झाला, आणि शिकविण्यासाठीं केंद्र सरकारची संस्थाही तेथें आहे. या स्थानाचें मूळ नांव गौरीमार्ग असें सांगतात. तें ऐकल्यावर आमच्या मातोश्रींचा अर्धा विरोध मावळला, हें येथें नमूद केलें पाहिजे.

गुलमर्गची उंची सुमारें २,६५० मीटर, म्हणजे महाबळेश्वरच्या जवळजवळ दुप्पट, आणि आपल्या कळसूबाईहून हजार मीटर अधिक. वाशीमहून अकोल्यास व तेथून उत्तरेकडे आगगाडीनें जावें. पुढें कटऱ्याहून श्रीनगरपर्यंतची आगगाडी जून २०२५ पासून सुरू झाली असल्यामुळें, चिनाब नदीच्या पात्रापासून ३५९ मीटर उंचीच्या पुलावरून खिडकींत बसून खोऱ्यांत उतरतां येतें. श्रीनगराहून गुलमर्ग सुमारें ५० किलोमीटर. टंगमर्गापासून चढ लागतो, आणि बर्फ पडलें असल्यास चाकांना साखळ्या बांधलेल्या मोटारीच वर जातात. तेथें आपलें सामान आपणांस उचलावें लागतें, ही गोष्ट पेटी भरतांना ध्यानांत ठेवावी.

आतां मुख्य अडचणीकडे वळतों. पुतणी जाणार असें ठरतांच मातोश्रींनीं घरच्या कापसाच्या, टांके घातलेल्या जाड बंड्या शिवावयास घेतल्या. ज्या घराची पिढ्यान् पिढ्या कापसावर गुजराण झाली, त्या घरांत मायेला दुसरें कोणतें रूप सुचणार? परंतु स्की करणाऱ्याच्या अंगाला कापूस लागूं देऊं नये, असा या खेळाचा पहिला नियम आहे. कारण साधें आहे. बर्फावर श्रम करणारा मनुष्य घामानें भिजतो. कापूस तो घाम पिऊन धरून ठेवतो, आणि पाणी हें हवेपेक्षां सुमारें २५ पट वेगानें अंगांतील उष्णता वाहून नेतें. आमच्या उन्हाळ्यांत कापसाचा हाच गुण अंग निववितो. तेथें तोच घातक होतो. उलट लोंकर पुष्कळ ओल पोटांत घेऊनही ऊब सोडीत नाहीं.

हें मातोश्रींना सांगावयाचें कोणीं, यावर घरांत दोन दिवस मौन होतें. शेवटीं पुतणीनेंच धीर केला. तिनें दोन वाट्या घेतल्या, एकींत ओला सुती रुमाल व दुसरींत ओला लोंकरीचा तुकडा ठेवला, आणि आजीचे दोन्ही हात वाऱ्यावर धरून त्यांवर ते घातले. “आजी, कोणता हात गार पडतो तें तूंच सांग.” मातोश्री कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “आमच्या कापसाला तुझ्या बर्फांत जागा नाहीं, एवढेंच ना? मग मला लोंकर आणून दे.” आठ दिवसांत तीन टोप्या व तीन गळपट्टे विणून तयार झाले. बंडीही वांयां गेली नाहीं. ती रात्रीं कोरड्या अंगानें खोलींत घालावयाची, असें ठरलें; कारण कोरडा कापूस काश्मीरांतही आपली जात सोडीत नाहीं. तेथील रजया कापसानेंच भरतात.

कपड्यांचा क्रम तीन पदरांचा ठेवावा. अंगालगत पातळ लोंकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा सदरा व विजार. त्यावर ऊब देणारा जाडसर पदर. आणि सर्वांवर वारा व पाणी आंत न येऊं देणारा कोट व पाटलोण. एका जाड कोटापेक्षां तीन पातळ पदर बरे, कारण चढतांना एक काढतां येतो व थांबल्यावर घालतां येतो. पायमोजा मात्र एकच घालावा. दोन घातले म्हणजे बूट आवळतो, रक्त बोटांपर्यंत पोंचत नाहीं, आणि अधिक ऊब करूं पाहणारा अधिक गारठतो. पायांचीं नखें निघण्यापूर्वीं कापावींत. कठीण बुटांत वाढलेलें नख पहिल्याच दिवशीं सूड उगवतें. हातमोजे पाणी न शिरणारे असावे व एक जोड अधिक असावी. पट्ट्या, काठ्या, बूट व शिरस्त्राण तेथें भाड्यानें मिळतात. नवशिक्यानें तीं विकत घेऊन घरावर खर्चाचा बोजा घालूं नये.

दुसरी हरकत आमच्या काकूंनीं घेतली. मुलगा पडला तर पडला. मुलीचा पाय मोडला तर पुढें काय? हा प्रश्न शिकलेल्या घरांतूनही निघतो, म्हणून तो येथें लपवीत नाहीं. त्याचें उत्तर मनालीच्या आंचल ठाकूर या मुलीनें आधींच देऊन ठेविलें आहे. तिनें जानेवारी २०१८ मध्यें तुर्कस्तानांतील शर्यतींत कांस्यपदक मिळविलें, आणि स्कीमधील भारताचें तें पहिलें आंतरराष्ट्रीय पदक ठरलें. मोडलेलें हाड मुलाचें असो वा मुलीचें, सारख्याच नियमानें जुळतें. तेव्हां जी काळजी घ्यावयाची ती दोघांचीही सारखीच घ्यावी.

ती काळजी म्हणजे शरीराची तयारी. या खेळांत सर्व भार मांड्यांवर येतो. आम्हीं सहा आठवडे रोज सूर्यनमस्कार घातले, उठाबशा काढल्या, आणि भिंतीला पाठ टेंकून, खुर्चीवांचून खुर्चींत बसल्याप्रमाणें राहण्याचा अभ्यास केला. पडण्याचाही अभ्यास गोधड्या पसरून केला! तोल गेला तर हात पुढें टेंकूं नयेत, बाजूस बसत बसत पडावें, आणि हातांतील काठी सोडून द्यावी. ती घट्ट धरल्यानें अंगठ्याचा सांधा दुखावतो. रक्तदाब किंवा हृदयाचा विकार असणारांनीं वैद्याचा सल्ला घेऊनच निघावें.

एक गंमतीची, पण महत्त्वाची सूचना. बूट पट्टीला ज्या खिटीनें अडकतो, ती पडतांना आपोआप सुटावी अशी योजना असते, आणि ती खिटी किती घट्ट ठेवावी हें मनुष्याचें वजन, उंची, वय व कौशल्य यांवरून ठरवितात. तेव्हां वय व वजन कमी सांगण्याची आपली संवय घरींच ठेवावी. त्या दुकानीं खोटें बोलल्याचा दंड गुडघा भरतो.

डोळ्यांची हयगय करूं नये. ताजें बर्फ सूर्याच्या अतिनील किरणांपैकीं ८० टक्क्यांपर्यंत परत फेंकतें, आणि उंचीबरोबर त्या किरणांचा जोरही वाढतो. म्हणून अतिनील किरण अडविणारा काळा चष्मा हवा, आणि चेहऱ्याला लेप लावतांना हनुवटीखालची बाजूही विसरूं नये, कारण तेथें ऊन खालूनही येतें. खाण्यासाठीं काकूंनीं डिंकाचे लाडू, शेंगदाणे व खजूर दिले. पाणी वारंवार प्यावें. थंडींत तहान कळत नाहीं. बाहेरच्या प्रांतांतील आगाऊ पैसे भरलेलीं मोबाईलचीं कार्डें तेथें चालत नाहींत. मागाहून बिल येणारें एक तरी बरोबर असावें, म्हणजे घरचीं माणसें चिंतेंत राहणार नाहींत.

कालाची निवड हाही तयारीचाच भाग आहे. काश्मीरांत २१ डिसेंबरापासून ४० दिवस कडक थंडीचे मानतात. पण अलीकडे बर्फाचा भरंवसा उरलेला नाहीं. २०२५ सालीं गुलमर्गच्या राष्ट्रीय हिंवाळी स्पर्धा फेब्रुवारींत बर्फाअभावीं पुढें ढकलून मार्चमध्यें घ्याव्या लागल्या. आणि बर्फ भरपूर असलें तर दुसरें भय असतें. वरच्या अफरवट पर्वतावर फेब्रुवारी २०२३ व फेब्रुवारी २०२४ मध्यें हिमप्रपाताखालीं परदेशी स्कीपटूंचा अंत झाला. ते नवशिके नव्हते. म्हणून निघण्यापूर्वीं सरकारी सूचना पाहाव्या, आंखून दिलेल्या उतरणीबाहेर जाऊं नये, आणि शिक्षक “आज नको” म्हणाला तर तो शब्द अखेरचा मानावा.

तेथील पहिला धडा ऐकून मात्र आम्हांला घरचीच आठवण झाली. वेग आवरण्यासाठीं दोन्ही पट्ट्यांचीं टोकें पुढें जवळ आणावयाचीं, मागल्या बाजू फांकवावयाच्या, आणि आंतल्या कडा बर्फांत दाबावयाच्या. इंग्रजींत या आसनाला नांगराचेंच नांव आहे. वखर दाबला कीं बैल मंदावतात, हें अनसिंगच्या पोराला कोणीं शिकवावें लागत नाहीं! पुतणी तिसऱ्या दिवशीं हवें तेथें थांबूं लागली. मला पांचवा दिवस लागला. घरची वस्तु ज्या प्रवासांत कामास येत नाहीं, त्यांतही घरचें ज्ञान कोठें तरी उपयोगीं पडतें. म्हणून पेटी हलकी भरावी, आणि जें हातांना व पायांना ठाऊक आहे त्यावर विश्वास ठेवून निघावें.