वळणावर वेग किती? नोएडाचे रॅम्प आणि तुमची स्पोर्टी कार

दिल्लीला नातेवाइकांकडे गेलात आणि आग्रा-मथुरेचा बेत ठरला की गाडी हमखास नोएडातून जाते. १९७६ साली औद्योगिक वसाहत म्हणून वसवलेल्या या शहरात आज रुंद रस्ते, उड्डाणपूल आणि एक्सप्रेस वे यांचं जाळं आहे. हातात चपळ, ताकदवान इंजिनची कार असेल तर इथे गाडी चालवणं ही मोठी मौज असते. पण ही मौज सरळ रस्त्यावर जितकी सोपी वाटते, तितकी रॅम्पच्या वळणावर नसते. एक्सप्रेस वेवरून उतरताना गोल फिरणाऱ्या त्या अरुंद रस्त्यावर वेग किती ठेवायचा, हा प्रश्न तरुण चालकांना नेहमी पडतो.

यमुना ओलांडताना
दिल्लीहून नोएडात शिरायचा सर्वांत ओळखीचा रस्ता म्हणजे डीएनडी फ्लायवे. २००१ साली सुरू झालेला हा आठ पदरी रस्ता ९.२ किलोमीटरचा आहे. पुढे महामाया उड्डाणपुलाजवळ कालिंदी कुंज, डीएनडी आणि नोएडा-ग्रेटर नोएडा एक्सप्रेस वे यांची वाहतूक एकत्र येते. बाजूलाच ओखला पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तिथे दूरदेशीचे पक्षी उतरतात. पाहायला मुलांना जरूर न्या.

या भागात लूप आणि रॅम्प भरपूर आहेत. सरळ रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी दर सेकंदाला जवळपास २८ मीटर पुढे सरकते. या वेगाची डोळ्यांना सवय झाली की ६० चा वेगही रांगल्यासारखा वाटतो. म्हणून रॅम्पवर शिरताना अंदाजावर विसंबू नका, स्पीडोमीटर पाहा.

गणित काय सांगतं?
आपल्याकडे रस्त्यांचे निकष इंडियन रोड्स काँग्रेस ठरवते. वळणावर रस्त्याची बाहेरची बाजू जरा उंच ठेवतात. सपाट प्रदेशात हा उतार जास्तीत जास्त ७ टक्के असतो. बाकीचा भार टायरच्या पकडीवर येतो. रस्ता आखताना ती पकड मुद्दाम कमी, म्हणजे ०.१५ इतकीच धरतात. या हिशेबाने ६० मीटर त्रिज्येच्या लूपसाठी वेग येतो ताशी सुमारे ४० किलोमीटर.

मग चांगल्या टायरची स्पोर्टी कार तिथे ६० ने वळणार नाही का? वळेल. कोरड्या, स्वच्छ रस्त्यावर चांगल्या टायरची पकड ०.८ च्या आसपास असते आणि ६० च्या वेगाला त्यातली निम्मी पुरते. पण वेग दुप्पट झाला की बाहेर ढकलणारा जोर चौपट होतो. ८० ला कोरड्या रस्त्यावरही पकड जवळजवळ संपलेली असते. पाऊस, सांडलेलं ऑईल किंवा ट्रकमधून पडलेली रेती असेल तर त्याआधीच संपते. नोएडात बांधकामं सतत सुरू असल्याने रेती रस्त्यावर कुठेही भेटते.

खरी मर्यादा डोळ्यांची
गाडीची पकड हा अर्धाच प्रश्न आहे. लूपवर आतल्या बाजूला कठडा किंवा झुडपं असतात, त्यामुळे पुढचा रस्ता दिसत नाही. आडोसा तुमच्या वाटेपासून ४ मीटरवर असेल तर ६० मीटर त्रिज्येच्या वळणावर जेमतेम ४५ मीटर रस्ता दिसतो. धोका लक्षात येऊन गाडी पूर्ण थांबेपर्यंत लागणारं अंतर ४० च्या वेगाला ४५ मीटर, ६० ला ८० मीटर आणि ८० ला १२० मीटर धरतात.

म्हणजे ६० ने जाताना गाडी वळणात टिकून राहील, पण पुढे बंद पडलेला टेम्पो किंवा उलट्या दिशेने येणारी बाईक असेल तर तुम्ही वेळेत थांबू शकणार नाही. कार कितीही महाग असली तरी तिला कठड्यापलीकडचं दिसत नाही. जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल, तोच तुमचा वेग.

मागच्या सीटचाही विचार करा
चालकाच्या हातात स्टिअरिंगचा आधार असतो, मागे बसलेल्यांना तो नसतो. सपाट वळणावर ४० च्या वेगाने २० किलोच्या मुलाला बाजूला ढकलणारा जोर सुमारे ४ किलोचा असतो. ६० ला तो ९ किलोच्या वर जातो. मुलांना मळमळतं, आजींची मान अवघडते, ते यामुळेच. मागच्या सीटवरही सीट बेल्ट हवाच. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता.

वेगाची हौस कुठे भागवावी?
नोएडा-ग्रेटर नोएडा एक्सप्रेस वेने परी चौकापर्यंत गेलात की पुढे यमुना एक्सप्रेस वे सुरू होतो. २०१२ मध्ये खुला झालेला हा रस्ता १६५ किलोमीटर धावत आग्र्याला पोहोचतो. त्याच्याच कडेला बुद्ध इंटरनॅशनल सर्किट आहे. ५.१२५ किलोमीटरच्या या ट्रॅकवर १६ वळणं आहेत. इथे ३० ऑक्टोबर २०११ रोजी भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. २०११ ते २०१३ या तिन्ही शर्यती सेबास्टियन व्हेटेलने जिंकल्या.

तिथल्या लांब सरळ पट्ट्यावर गाड्या ताशी ३०० च्या पुढे जात. तरीही पुढच्या वळणाआधी चालक जोरात ब्रेक मारत. ट्रॅकवर समोरून कोणी येत नाही आणि गाडी घसरली तर बाहेर मोकळी जागा असते. रॅम्पवर बाहेर कठडा असतो आणि त्याखाली दुसरा रस्ता.

हे लक्षात ठेवा
• फलकावरचा वेग हीच कमाल मर्यादा समजा. फलक नसेल तर अरुंद लूपवर ३० ते ४० पुरे.
• ब्रेक वळणाआधी, सरळ रस्त्यावर लावा. वळणात जोरात ब्रेक लावला तर टायरची पकड थांबणं आणि वळणं यांत विभागली जाते.
• वळणाच्या मध्यावर अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडू नका. वजन पुढे येतं आणि मागची चाकं घसरू शकतात.
• टायरची हवा आणि नक्षी प्रवासाआधी तपासा.
• धुक्यात वेग आणखी कमी करा. अलीकडच्या हिवाळ्यांत इथल्या एक्सप्रेस वेवर कारची मर्यादा १०० वरून ७५ पर्यंत आणली गेली आहे.

आणि स्पोर्टी कारची ताकद? ती वळण संपल्यावर कामी येते. रॅम्प सरळ झाला, आरशात मागची वाहतूक पाहिली, इंडिकेटर दिला, की झटकन वेग घेऊन मुख्य रस्त्याच्या प्रवाहात मिसळता येतं. साधी गाडी तिथे रेंगाळते, तुमची रेंगाळत नाही. इंजिनला जास्त दिलेले पैसे तिथे वसूल होतात.