सांदण

आम्हा सीमाभागातल्या माणसांना एक खोडच असते. एखादा शब्द कानावर पडला की तो मराठीचा की कानडीचा, याची मनातल्या मनात चौकशी सुरू होते. ‘सांदण’ म्हटल्यावर मला आपल्या सांदीकोपऱ्यातली सांद आठवते, तर माझ्या कानडी मित्राला त्याची ‘संदि’. त्यांच्याकडेही दोन घरांमधल्या अरुंद बोळाला संदि म्हणतात आणि कानाकोपऱ्याला संदि-गोंदि. मूळ कुणाचे, यावर आम्ही दोघे चाळीस वर्षे भांडत आलो आहोत.

गेल्या वर्षी मात्र तो भांडेनासा झाला. वहिनी गेल्या, तसा त्याने बोलण्याचाच कंटाळा धरला. बेंगळुरूचा मुलगा ‘इकडे या’ म्हणून फोन करी. हा होही म्हणेना, नाहीही म्हणेना. तरुणपणी आम्ही दोघांनी पुष्कळ डोंगर पालथे घातलेले. डिसेंबरात मी त्याला म्हटले, “दोन दिवस चल, सांदण बघून येऊ.” तो काही न बोलता गाडीत बसला.

पुणे, संगमनेर, अकोले, राजूर करीत भंडारदऱ्याला पोहोचलो. १९२६ साली पुरे झालेले विल्सन धरण मागे टाकून, जलाशयाच्या कडेकडेने साम्रद गाठले. अहिल्यानगर जिल्ह्याच्या टोकाचे हे गाव. एकीकडे रतनगड, दुसरीकडे अलंग, मदन, कुलंग हे दुर्ग. ज्यांच्या अंगणात गाडी लावली त्या मावशींनी पिठले आणि तांदळाची भाकरी वाढली. गावाबाहेरच्या माळावर आम्ही तंबू ठोकला.

थंडी अशी, की अंगावरचे पांघरूण ओले आहे की नुसतेच गार, ते कळेना. “थंडी!” मी म्हटले. “थंडि,” तो म्हणाला. आमच्याकडच्या कानडीतही थंडीला तोच शब्द. आणि मग, मध्यरात्र उलटल्यावर, तो बोलू लागला. सगळे कानडीतून. माझ्याशी तो आजवर मराठीतच बोलत आला; पण वहिनींचे शेवटचे आठ दिवस त्याला मराठीत सांगता येण्यासारखे नव्हते. माझी कानडी बाजारहाटापुरती. अर्धे शब्दांतून कळले, अर्धे आवाजातून. मी मधून मधून नुसते ‘हौदु’ म्हणत होतो. मुलालाही जे सांगितले नव्हते ते तो त्या रात्री बोलला. ते इथे लिहिण्याचे नाही.

सकाळी गावातला एक मुलगा बरोबर घेऊन घळीत उतरलो. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून सह्याद्रीचा हा कातळ झाला. त्यातल्या चिरेतून पाणी झिजत झिजत खाली गेले आणि ही घळ पडली. दोन्ही अंगांना उंचच उंच भिंती, मध्ये निळ्या फितीएवढे आकाश. अरुंद जागी हात पसरले की बोटे दोन्हीकडच्या दगडाला टेकावीत. ऊन तळापर्यंत पोहोचते ते घटकाभरच. अमेरिकेत ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅनियनसारख्या घळी वालुकाश्माच्या आहेत, पण धोका तोच. तिथे १२ ऑगस्ट १९९७ रोजी कित्येक मैल दूर पडलेल्या पावसाचा लोंढा आला आणि ११ पर्यटक दगावले. घळीवर आकाश निरभ्र होते म्हणून भागत नाही. पावसाळ्यात सांदणीत उतरू नये, हे साम्रदची माणसे सांगतात ते याचसाठी.

वाटेत पाण्याचे डोह लागतात. पहिल्याच डोहाशी मित्र थबकला. पाणी कमरेएवढे, पण बर्फासारखे. मुलगा आमच्या पिशव्या डोक्यावर घेऊन पलीकडे गेलासुद्धा. मी हात पुढे केला. तो हात न धरता मित्र पाण्यात शिरला, मध्यावर पोहोचला आणि दात वाजवीत ओरडला, “संदि आमचीच रे!” दोन्ही भिंतींनी ते आम्हाला परत ऐकवले. मुलगा हसू लागला. मी उत्तर दिले नाही. त्या दिवसापुरती ती त्यांचीच असू दे म्हटले.

पुढे मोठाल्या धोंड्यांवरून चढत-उतरत कड्याच्या तोंडाशी आलो. तिथून खाली उतरायला दोर आणि जाणता माणूस लागतो. आम्ही दोघे साठी उलटलेले. तिथेच बसून शेंगदाणे खाल्ले आणि खालचे कोकण पाहत राहिलो. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “मुलाकडे जाऊन बघतो. घर मात्र विकणार नाही.”

मार्चमध्ये तो बेंगळुरूला गेला. किल्ली माझ्याकडे आहे. दर रविवारी मी जाऊन खिडक्या उघडतो, वहिनींच्या तुळशीला पाणी घालतो. मग त्याचा फोन येतो. तो कानडीत विचारतो, मी मराठीत सांगतो.