भट्टी का विझली?

संपादकांच्या पत्रात विनंती अशी की, हवामानबदलासंबंधीचा कायदा आपल्या देशात प्रत्यक्ष अमलात कसा येतो ते सामान्य वाचकास उमजेल अशा भाषेत, आणि शक्यतो आकडेमोड टाळून, लिहावे. तराजू बाजूला ठेवून गूळ विकायला सांगावे तशी ही विनंती आहे. तथापि ज्याचे आयुष्य कारखान्यांच्या ऊर्जेचे हिशेब तपासण्यात गेले, त्याला दिवाळी अंकाचे आमंत्रण काही रोज येत नाही, म्हणून ती शिरोधार्य मानतो.

व्याख्यानानंतर एखादे सद्गृहस्थ हटकून विचारतात की, आपल्याकडे असा कायदा आहे तरी का? ब्रिटनने २००८ साली केला तसा, हवामानबदलाचेच नाव धारण करणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही, हे मान्य. आपला कारभार मुख्यत्वे चालतो तो २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यावर आणि त्याच्या दुरुस्त्यांवर. मूळ कायद्यात दंडाची तरतूद होती, परंतु पहिली पाच वर्षे तो कोणालाही लागू होऊ नये अशी मुभाही त्याच कलमात होती, आणि दंडाची मर्यादा होती दहा हजार रुपये. २०१० च्या दुरुस्तीने ती दहा लाखांवर नेली, व २०२२ च्या दुरुस्तीने कार्बनच्या व्यापाराला त्यात जागा करून दिली. एवढे सांगून मी खाली बसतो, तोच दुसरे सद्गृहस्थ वृक्षारोपणाविषयी विचारतात.

अंमलबजावणीचा खरा प्रयोग २०१२ मध्ये सुरू झाला. सिमेंट, पोलाद, खते, कागद, औष्णिक वीज आदी आठ उद्योगांतील ४७८ कारखान्यांना, प्रत्येकाची पूर्वस्थिती पाहून, दर टन उत्पादनामागे ऊर्जा किती कमी करायची याचे उद्दिष्ट तीन वर्षांच्या मुदतीने नेमून दिले. जो उद्दिष्टाच्या पुढे जाईल त्याला प्रमाणपत्रे मिळावीत आणि जो मागे राहील त्याने ती बाजारातून विकत घ्यावीत, अशी ही योजना. आम्ही मंडळी तिला ‘पॅट’ म्हणतो. उद्दिष्ट होते ६६.८६ लाख टन तेलाइतकी ऊर्जा वाचवण्याचे, आणि वाचली सुमारे ८६.७ लाख टन. यात माझाही खारीचा वाटा आहे, याचा अभिमान मी लपवीत नाही. मात्र प्रमाणपत्रे निघाली ३८.२५ लाख आणि ती घेण्याची सक्ती होती अवघ्या १४.२५ लाखांची, शिवाय मुदत संपली २०१५ च्या मार्चमध्ये, आणि बाजार उघडला २०१७ च्या सप्टेंबरात. उसाचे पैसे अडीच वर्षांनी आणि तेही पडत्या भावाने मिळाले, तर पुढच्या हंगामात शेतकरी कोणत्या उमेदीने लागण करील?

परंतु माझ्या मनात सलते आहे ते निराळेच. २०१५ च्या उन्हाळ्यात एका सिमेंट कारखान्याचा हिशेब तपासण्यासाठी मी गेलो होतो. सिमेंटची फिरती भट्टी एकदा थंड झाली की तिला पुन्हा चौदाशे अंशांपुढे नेण्यास अमाप कोळसा लागतो आणि त्या काळात उत्पादन मात्र शून्य. म्हणून नियम असा की, भट्टी बाह्य कारणाने, म्हणजे कारखान्याच्या हाती नसलेल्या कारणाने थांबली असेल, तर तेवढा कोळसा हिशेबातून वजा करावा, आणि अंतर्गत कारणाने थांबली असेल, तर करू नये. लॉगबुकात एका रात्रीच्या पाळीची नोंद होती: बाहेरची वीज गेली, भट्टी बंद. वीज काही तासांत आली होती. भट्टी मात्र अकरा दिवस बंद होती, आणि त्या अकरा दिवसांत आतील उष्णतारोधक विटांचे मोठे अस्तर बदलले गेले होते. आता प्रश्न असा की, वीज जाऊन भट्टी अकस्मात थांबली म्हणून विटा ढासळल्या, की विटा ढासळणारच होत्या आणि विजेचे निमित्त आयते सापडले? पाळीच्या अभियंत्याने पहिले सांगितले, आणि शास्त्रदृष्ट्या ते अशक्य नव्हते. मी ‘बाह्य कारण’ असा शेरा मारून सही-शिक्का केला. तपासनीसाची नेमणूक कारखानाच करतो आणि मानधनही तोच देतो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. मी ते ध्यानात ठेवले होते की नव्हते, याचा निवाडा मला अद्याप करता आलेला नाही.

येथे माझ्या आवडीच्या वादाकडे वळल्यावाचून राहवत नाही. आपला कायदा दर टनामागचे प्रमाण मोजतो, एकूण बेरीज नव्हे. समजा, एखाद्या कारखान्याने दर टनामागचे उत्सर्जन शेकडा पाचने घटवले आणि उत्पादन शेकडा दहाने वाढवले, तर १.१० गुणिले ०.९५, म्हणजे एकूण उत्सर्जन शेकडा साडेचारने वाढलेच, आणि तरीही तो बक्षिसास पात्र! यावरून ही सारी धूळफेक आहे असे म्हणणारे विद्वान पुष्कळ भेटतात. ज्या देशात अजून लक्षावधी पक्की घरे बांधावयाची आहेत, तेथे सिमेंटच्या एकूण टनांवर आजच फर्मान काढावे काय, असे विचारले की ते चिमणीच्या धुराकडे बोट दाखवतात. पण त्यांना दिसते ती धूळ. कार्बन डायऑक्साइड दिसत नाही, आणि सिमेंटमध्ये तर त्याचा मोठा भाग इंधनातून न येता चुनखडी भाजल्यावर त्या दगडातूनच सुटतो, दर टन क्लिंकरमागे (म्हणजे भट्टीतून निघणाऱ्या, दळून सिमेंट होणाऱ्या खड्यांमागे) जवळपास अर्धा टन. इंधन कितीही बदलले तरी दगडाचा स्वभाव बदलत नाही. म्हणून क्लिंकर कमी घालून औष्णिक केंद्राची राख अधिक मिसळणे हाच त्यातल्या त्यात व्यवहार्य मार्ग... पण संपादकांनी आकडेमोड टाळण्यास सांगितले होते, ते येथे आठवले.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲल्युमिनियम, सिमेंट, कागद आणि क्लोर-अल्कली या चार उद्योगांतील २८२ कारखान्यांना आता ऊर्जेऐवजी थेट उत्सर्जनाची उद्दिष्टे ठरवून दिली गेली. गंमत अशी की, व्यापाराची योजना ऊर्जा संवर्धन कायद्याखाली आणि उद्दिष्टांचे नियम १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली, म्हणजे एकाच भट्टीवर दोन मंत्रालयांचा अंमल. उद्दिष्ट हुकले आणि प्रमाणपत्रेही घेतली नाहीत, तर त्या वर्षीच्या सरासरी बाजारभावाच्या दुप्पट भरपाई द्यावयाची. तरतूद जुन्या दंडाहून शहाणपणाची आहे, हे मी मोकळ्या मनाने कबूल करतो. कारखानदाराला आता निदान त्रैराशिक तरी मांडावे लागेल.

गेल्या महिन्यात एका तरुण तपासनीसाचा दूरध्वनी आला. “सर, लॉगबुकात ‘वीज गेली’ असं लिहिलंय, पण विटाही बदलल्यात. काय करू?” मी त्याला म्हटले, “अरे, लॉगबुक मिटून ठेव आणि भांडारात जा. विटा भांडारातून काढल्याची चिठ्ठी माग, आणि तिच्यावरची तारीख वीज जाण्याच्या आधीची आहे की नंतरची, ते बघ.” तो आभार मानू लागला, आणि हा उपाय मला कसा सुचला असे त्याने कौतुकाने विचारले. ती चिठ्ठी २०१५ साली मी मागितली नव्हती, हे त्याला सांगण्याचे मी टाळले.