सिग्नलला थांबल्यावर

मे महिना, गाव नागपूर, आणि गाडीचा एसी रुसलेला! वारा यायचा, पण मध्येच गरम. हिला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागते. परतताना अंगात बसायचेही त्राण नसते.

गॅरेजवाला म्हणाला, "सर, गॅस संपला." भरला. चार दिवसांनी पुन्हा तेच, आणि त्याचे उत्तरही तेच. आता मी मराठीचा मास्तर, पण एवढे मलाही कळते, की हा गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे जळून संपायला. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. कमी झालाच तर कुठेतरी गळती हवी. ती न शोधता भरत राहणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे.

ही मात्र पहिल्या दिवसापासून सांगत होती, "अहो, गाडी पळाली की गार येतं, सिग्नलला थांबलो की गरम." मी म्हणायचो, थकव्यामुळे तुला तसं वाटतं. (वर्गात 'नीट ऐका रे' म्हणून छड्या मारणारा मीच!)

शेवटी दुसऱ्या मेकॅनिकला तिचेच वाक्य जसेच्या तसे सांगितले. त्याने एसी लावून बॉनेट उघडले. कंडेन्सरचा पंखा ढिम्म! धावत्या गाडीत समोरचा वारा कंडेन्सरची उष्णता वाहून नेतो. गाडी उभी राहिली की ते काम पंख्याचे. त्याची मोटरच जळालेली होती. ती बदलली.

परवा वर्धा रोडच्या सिग्नलला थांबलो. डोळे मिटूनच ही म्हणाली, "जरा कमी करा हो, थंडी वाजतेय."