माझ्याच वयाची बाटली

गोव्यातली गोड, स्वस्त पोर्ट जरा बाजूला ठेवा. ही १९९७ ची व्हिंटेज पोर्ट, माझ्याच वयाची! पोर्तुगालमध्ये पोर्तो शहरासमोर, दोउरो नदीपलीकडच्या गाया गावात चाखली. व्हिंटेज पोर्ट लाकडी पिंपात दोनेक वर्षंच राहते, बाकी सगळं म्हातारपण बाटलीत. म्हणून तळाशी गाळ साचतो आणि वाईन हळूच निथळून घ्यावी लागते.

माहितीपत्रकात ब्लॅकबेरी, व्हायोलेट वगैरे लिहिलेलं. आता व्हायोलेट कुणी हुंगलंय? मला आधी सुकं अंजीर लागलं, मग भिजवलेल्या काळ्या मनुका. तरुणपणीचा तुरटपणा निवत निवत कोऱ्या चहाइतकाच उरलेला. आणि वास? थेट काकवीचा! वहीत तसंच लिहिलं, मराठीत. ग्लास रिकामा झाला तरी हुंगत बसलो होतो.