आमचा बास आणि आजोबा



या अंकासाठी बाईंनी 'माझा छंद' हा विषय दिला होता. आम्ही जुळी भावंडे आहोत. आमचा छंद एकच, वाद्य एकच आणि ते आधी कोणी घ्यायचे यावरून होणारे भांडणही एकच. म्हणून बाईंना विचारून आम्ही दोघांनी मिळून 'आमचा छंद' लिहिला आहे. तो छंद म्हणजे बास गिटार. पण खरे सांगायचे तर गेल्या हिवाळ्यात आम्ही आमचा बास वाजवला कमी आणि उघडला जास्त.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. बासला साधारणपणे चार जाड तारा असतात. घोडीपासून वरच्या टोकापर्यंत तारेची लांबी बहुधा ३४ इंच असते. सर्वांत जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते. तारांच्या खाली पिकअप असतो, म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. पोलादी तार हलली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत अगदी थोडी वीज तयार होते. ती वीज ॲम्प मोठी करतो. बास म्हणजे एवढेच. पण हे 'एवढेच' समजायला आम्हाला चार महिने लागले.

आमचा बास आम्ही न्यू जर्सीत, आमच्याच गल्लीतल्या एका गॅरेज सेलमध्ये ६० डॉलरला घेतला. सोबत एक लहान ॲम्पही मिळाला. घरी आणून लावला तर तारेला हात लावायच्या आधीच 'घूंऽऽ' असा आवाज सुरू झाला. आई म्हणाली, "हा फ्रिज तुम्ही परत का देत नाही?"

ऑक्टोबरमध्ये आमचे आजोबा मिरजेहून सहा महिन्यांसाठी आले. आजी त्याच्या आदल्या वर्षी गेली. आजोबांना ऐकू कमी येते. कानात घालायचे यंत्र आहे, पण जेवणाच्या टेबलावर आम्ही भरभर इंग्रजीत बोलायचो. आजोबा विचारायचे, "काय म्हणालात?" आम्ही म्हणायचो, "काही नाही, आजोबा." खरेच काही विशेष नसायचे. पण पुन्हा सगळे मराठीत जुळवून, मोठ्याने सांगायचा कंटाळा यायचा, हेही खरे. पुढे पुढे आजोबांनी विचारणे बंद केले. मग यंत्रही डबीतच राहू लागले. आमच्या ते लक्षातसुद्धा आले नाही. हे लिहायला आम्हाला चांगले वाटत नाही, पण बाईंनी सांगितले आहे की खरे लिहा.

डिसेंबरमधल्या एका शनिवारी बर्फामुळे मराठीचा वर्ग रद्द झाला. आम्ही तळघरात बास वाजवत होतो. इतक्यात आजोबा जिना उतरून खाली आले. कानात यंत्र नव्हते. ते म्हणाले, "हा आवाज कसला?"

आम्ही बघतच राहिलो. ज्यांना दाराची बेल ऐकू येत नाही, त्यांना बासची घरघर ऐकू आली होती! नंतर बाबांनी समजावले की म्हातारपणी बहुधा बारीक, उंच आवाज आधी जातात आणि खालचे, जाड आवाज जास्त टिकतात. डॉक्टरांनी हे पूर्वीच सांगितले होते, तेव्हा आम्ही नीट ऐकले नव्हते. म्हणजे ऐकू न येणारे आम्हीही होतो.

आजोबा थोडा वेळ डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्याकडचा आवाज याहून खाली असतो. तो सा धरला तर हा कोमल गंधार आहे."

आजोबांनी वीज मंडळात ३४ वर्षे नोकरी केली. भारतात घरातली वीज सेकंदाला ५० वेळा दिशा बदलून पुन्हा मूळ जागी येते, इथे अमेरिकेत ६० वेळा. ६० आणि ५० यांचे प्रमाण ६ ला ५, आणि सा व कोमल ग यांचे प्रमाणही तेच! आम्ही कागदावर गणित करून पाहिले. आजोबांनी ते नुसते ऐकून सांगितले होते.

मग ते ॲम्पच्या वायरमागे वायर धरून भिंतीपर्यंत गेले आणि एकदम ओरडले, "काढा ते आधी! तिसरी पिन कुठाय?"

प्लगची गोल पिन आधीच्या मालकाकडे असतानाच तुटलेली होती. आम्हाला वाटले, दोन पिनांवर चालते आहे ना, मग झाले. आजोबा इतके चिडलेले आम्ही कधी पाहिले नव्हते. त्यांचा हात थरथरत होता. पाणी प्यायल्यावर ते शांतपणे बोलले. बासच्या तारा एका वायरने ॲम्पच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेल्या असतात. आत काही बिघडून सांगाड्यात वीज आली तर ती तिसऱ्या पिनेतून निघून जाते आणि फ्यूज किंवा ब्रेकर पडतो. ती पिन नसेल, तर वीज तारेवर बोटे ठेवून बसलेल्या माणसातून वाट शोधते. आजोबांचा एक मित्र असाच गेला होता. ड्यूटीवर नाही, घरी, टेबल फॅन सरकवताना. अर्थिंग नव्हते. आजोबांनी एवढेच सांगितले आणि वर निघून गेले.

त्याच संध्याकाळी बाबांनी तीन पिनांची नवीन वायर आणली. आजोबांनी दोन नियम घातले. पहिला: अर्थिंगशिवाय काहीही लावायचे नाही. दुसरा: ॲम्प उघडायचा नाही, कारण प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते. बास मात्र ॲम्पपासून सोडवला की खुशाल उघडा, कारण आमच्यासारख्या साध्या बासमध्ये बॅटरीसुद्धा नसते.

नवीन वायरने आवाज थोडा कमी झाला, पण गेला नाही. आजोबांनी एक परीक्षा सांगितली. आधी तारांना हात लावा, मग बासमध्ये खोचलेल्या वायरच्या धातूला हात लावा. तारांना हात लावून काहीच फरक पडत नव्हता, पण धातूला लावला की आवाज एकदम खाली यायचा. म्हणजे तारांपासून आतपर्यंतची वायर कुठेतरी तुटली होती. मल्टीमीटरची एक टोचणी घोडीवर आणि दुसरी त्या धातूवर ठेवली. जोडलेले असते तर मीटर 'पी' करायला हवा होता. तो गप्प राहिला.

तारा सैल करून घोडीचे स्क्रू काढले. खाली बोटभर लांबीचा, काळा पडलेला वायरचा तुकडा निघाला. लाकडातल्या भोकातून नवीन वायर घालायची होती, पण ती मध्येच अडकायची. आजोबा म्हणाले, "पायजम्यात नाडा कसा ओवतात?" मग आम्ही आधी एक जुनी, बारीक तार पलीकडे काढली, तिला वायर बांधली आणि ओढली.

पुढचे काम डाख देण्याचे. 'सोल्डरिंग'ला मराठीत डाख म्हणतात हे आम्हाला त्या दिवशी कळले. आजोबांचा हात आता स्थिर राहत नाही, म्हणून ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "हात तुमचे, शिव्या माझ्या." व्हॉल्यूमच्या बटणाखाली जो पॉट असतो, त्याच्या धातूच्या पाठीवर ती वायर जोडायची होती. आम्ही कथिल वितळवून वर टाकले. छान गोळा झाला. आजोबांनी नखाने ओढला, तर वायर हातात आली! कथिल तापवायचे नसते, जोड तापवायचा असतो. पॉटची पाठ थोडी घासायची, वायरच्या टोकाला आधी कथिल चढवायचे, मग दोन्ही एकत्र तापवायचे आणि कथिल आपोआप वाहू द्यायचे. थंड होईपर्यंत वायर अजिबात हलवायची नाही. चांगला जोड चकचकीत आणि पसरट दिसतो. आमचा तिसरा जोड टिकला. एका जुळ्याच्या बोटाला चटका बसला, कोणाच्या ते आम्ही सांगणार नाही.

तारा चढवल्या, ॲम्प लावला. तारांवर हात ठेवताच घरघर जवळजवळ गेली. आजोबांनी ॲम्पवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "आता वाजवा."

त्यानंतर दर शनिवारी वर्गाहून आल्यावर तळघरात काम चाले. खरखरणारे पॉट क्लीनर मारून साफ केले. टोनच्या कपॅसिटरवर '४७३' लिहिले होते. आजोबांनी वाचायला शिकवले: ४७ आणि पुढे तीन शून्ये, इतके पिकोफॅरड, म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरड. आमच्या बासला दोन पिकअप आहेत. एकच चालू ठेवला तर थोडा आवाज येतो, दोन्ही पूर्ण चालू केले तर तो नाहीसा होतो, कारण दोघांचे वेढे आणि चुंबक एकमेकांच्या उलट ठेवलेले असतात. घरघर एकमेकांना खाते आणि सूर मात्र एकमेकांत मिळतो. आजोबा हसून म्हणाले, "जुळी आहेत."

आम्ही त्यांना लिओ फेंडरची गोष्ट सांगितली. त्यांचे कॅलिफोर्नियात फुलर्टनला रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. १९५१ साली त्यांनी प्रिसिजन बास आणला आणि १९६० साली दोन पिकअपचा जॅझ बास. आमचा बास त्याचीच नक्कल आहे. गंमत म्हणजे फेंडरना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. आजोबांना हे फार आवडले.

जानेवारीत हीटरच्या कोरड्या हवेने लाकूड सुकले, दांडी सरळ झाली आणि तारा पडद्यांवर झणझणू लागल्या. मिरज सतार-तंबोऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे, तिथल्या या वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आजोबा म्हणाले, "तंबोऱ्यात हीच झणझण मुद्दाम आणतात. घोडी घासून घासून जवारी काढतात. तुम्हाला फुकट मिळाली तर नको झाली!" पण बासला ती नकोच. दांडीच्या आत लोखंडी सळई असते, कारण चार तारांचा ताण मिळून ७० किलोंहून जास्त असतो. ॲलन कीने सळई पाव फेरा सैल केली, एक दिवस थांबलो, पुन्हा पाहिले. पहिला आणि शेवटचा पडदा दाबून धरला असता मधल्या पडद्यावर व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी फट हवी. झणझण गेली.

घोडी, पडदा, खुंटी, दांडी, जवारी, डाख. हे शब्द आम्हाला कोणत्याही यादीतून पाठ करावे लागले नाहीत.

एके दिवशी आजोबा यंत्र कानात घालूनच खाली आले. म्हणाले, "कारागिरांचं बोलणं ऐकू यायला हवं ना." मग जेवताना त्यांनी बऱ्याच दिवसांनी विचारले, "काय म्हणालात?" आमच्या तोंडात 'काही नाही' आलेच होते. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि शाळेतला तो साधाच किस्सा पहिल्यापासून, त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश मराठीत सांगितला. तीन ठिकाणी शब्द अडले. आजोबांनी ते पुरवले. किस्सा फारसा विनोदी नव्हता, तरी ते हसले.

गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात लहान मुलांच्या समूहगीताला आम्ही बासची साथ केली, हे तुम्ही पाहिलेच असेल. एकाने पहिले गाणे वाजवले, एकीने दुसरे. आजोबा पहिल्या रांगेत स्पीकरशेजारी बसले होते. मुलांचे शब्द त्यांना कळले नाहीत, पण बास पायांतून कळला, असे ते म्हणाले.

एप्रिलमध्ये आजोबा मिरजेला परत गेले. पहिल्याच रविवारी आम्ही फोन लावून त्यांना बास वाजवून दाखवला. पलीकडे शांतता. आजोबा म्हणाले, "वाजवा की!" आम्ही वाजवतच होतो. मग लक्षात आले की इतका खालचा सूर फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून बाहेर पडतच नाही.

म्हणून आता दर रविवारी आम्ही फोनवर वाजवत नाही, बोलतो. सावकाश आणि मराठीत. आजोबा विचारतात, "डाख टिकलाय का?"

टिकलाय, आजोबा.