तेजोवलयातली अक्षरे

फ्लॉरेन्स शहरात सावकारीवर श्रीमंत झालेली घराणी चित्रकारांना आश्रय देत. पाला स्त्रोझी त्यांतलाच एक. आपल्या घराण्याच्या प्रार्थनामंदिरासाठी त्याने जेंतिले दा फाब्रियानोकडून एक मोठे चित्र करून घेतले. १४२३ सालचे हे चित्र आज उफ्फीत्सी संग्रहालयात आहे. बाळ हजरत ईसांच्या भेटीला आलेले तीन राजे, त्यांच्या अंगावर भरजरी कापड आणि सगळीकडे सोन्याचा वर्ख!

आम्ही पडलो उर्दू शाळेचे शिक्षक. आमची नजर हजरत मरियमच्या मस्तकामागच्या तेजोवलयावर गेली. तिथे अरबीसारखी अक्षरे आहेत. अलिफ-लामसारखे काही दिसते, पण शब्द काही जुळत नाही. वर्गात चित्र दाखवले तेव्हा एक मुलगी म्हणाली, "सर, ये तो नकल है. लिखनेवाले को पढना नहीं आता था."

मुलीने नेमके ओळखले. मिसर, शामकडच्या नक्षीदार पितळी थाळ्यांना आणि रेशमी कापडाला इटलीत मोठा मान होता. चित्रकारांनी त्यांवरची लिपी शोभेसाठी उचलली. अर्थ मात्र मागेच राहिला.

ही आश्रयाची रीत अजून संपलेली नाही. गुच्ची ही १९२१ साली फ्लॉरेन्समध्येच सुरू झालेली कंपनी. मे २०१७ मध्ये तिने तिथल्या पित्ती महालात, जुन्या चित्रांच्या दालनात, आपल्या नव्या कपड्यांचा शो केला आणि महालामागच्या बोबोली बागेच्या दुरुस्तीसाठी २० लाख युरो देऊ केले. यात आम्हाला वाईट काही दिसत नाही. कुणीतरी पैसा घातल्याशिवाय कला टिकत नाही.

प्रश्न आहे तो नावाचा. त्या चित्राच्या चौकटीवर चित्रकाराचे नाव आहे, स्त्रोझीचे नाव इतिहासात आहे. पण ज्यांच्या कापडावरून ती शोभा आली, ते विणकर कोण होते?

आमच्या काही विद्यार्थ्यांचे वडील जरदोजीच्या कारचोबावर बसतात. युरोपातल्या बड्या फॅशन कंपन्यांचे भरतकाम मुंबईच्या कारखान्यांतही होते, हे आता लपलेले नाही. लेबल मात्र कंपनीचेच लागते.

म्हणून मुलांना आम्ही सांगतो, बापाचे हुनर जरूर शिका, पण त्याबरोबर लिहायला-वाचायलाही शिका. मजुरीचा हिशेब स्वतः तपासा. कागदावर काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय अंगठा उठवू नका.